वाफसा हाच मुळांचा श्वास

पाटाच्या पाण्याखालील भागांत हल्लीं एक तक्रार वरचेवर ऐकूं येते. पाणी मुबलक आहे, खत वेळेवर पडलें आहे, बियाणें नामांकित आहे; आणि तरीहि ऊस पिवळा पडतो, सोयाबीन खुरटतें, हळदीचे कंद कुजतात. मग कोणी बियाण्यास दोष देतो, कोणी खताची आणखी एक गोणी टाकतो, आणि पुष्कळदां उपाय म्हणून पाण्याचीच एक जादा पाळी दिली जाते! आमच्या मतें या दुखण्याचें मूळ बहुधा बियाण्यांत नसतें व खतांतहि नसतें. वनस्पति कशाची बनते, ती शक्ति कोठून मिळविते व ती शक्ति खर्च कशी करते, या प्राथमिक गोष्टी आपणां शेतकऱ्यांस कोणी नीट समजावून दिलेल्या नाहींत, हें तें मूळ होय. म्हणून हा विषय आरंभापासून मांडून त्यावरून निघणारें एकच अनुमान वाचकांपुढें ठेवावें असा आमचा विचार आहे. तें हें कीं, मुळांस पाण्याइतकीच हवेची गरज असते. आणि जो त्यांची हवा कोंडतो, तो पिकास भर पाण्यांत उपाशी मारतो.

प्रथम पिकाचें शरीर कशाचें बनतें तें पाहूं. पीक मातींतून वर येतें, तेव्हां तें मातीचेंच बनलेलें असावें, असा समज पूर्वीं सर्वत्र होता. ब्रुसेल्सच्या व्हान हेल्मोंट या विद्वानानें २०० पौंड कोरडी माती कुंडींत भरून तींत वाळुंजाच्या जातीचें ५ पौंडांचें रोप लाविलें व ५ वर्षें त्यास केवळ पाणी घातलें. झाडाचें वजन १६९ पौंडांवर गेलें. माती मात्र सुमारें २ औंसच घटली. ही हकीकत १६४८ सालीं छापून निघाली. झाड सर्वस्वी पाण्याचें बनतें, असा त्यानें काढलेला निष्कर्ष मात्र अर्धाच खरा होता; हवेचा वाटा त्याच्या ध्यानांत आला नाहीं. १७७९ सालीं इंगेनहाउस यांनीं हिरवीं पानें केवळ उजेडांतच प्राणवायु सोडतात असें दाखविलें, आणि १८०४ सालीं द सोस्यूर यांनीं वजनें घेऊन सिद्ध केलें कीं, झाडाच्या वाढींत हवेंतील कर्बवायु व पाणी या दोहोंचाहि भाग असतो.

आज हा हिशेब अगदीं स्पष्ट झाला आहे. पीक पूर्ण वाळवून त्याचे १०० भाग केले, तर त्यांत सुमारें ४५ भाग कर्ब, ४५ भाग प्राणवायु व ६ भाग हायड्रोजन निघतो. हे ९६ भाग हवा आणि पाणी यांतून आलेले असतात. नत्र, स्फुरद, पालाश, चुना, मॅग्नेशियम, गंधक, लोह इत्यादि सर्व मिळून उरलेल्या ४ भागांत येतात. हे ४ भाग थोडे असले तरी क्षुल्लक नव्हेत. नत्रावांचून प्रथिन नाहीं आणि मॅग्नेशियमवांचून हरितद्रव्य नाहीं. तथापि आपली सारी चिंता व सारा पैसा या ४ भागांवर खर्च होतो आणि उरलेल्या ९६ भागांचा विचार कोणी करीत नाहीं, हें नवल आहे.

पानाचें काम म्हणजे शर्करा तयार करणें. हवेच्या १०,००० भागांत कर्बवायूचे जेमतेम ४ भाग असतात. तेवढ्यांतून पान कर्ब वेंचून घेतें, मुळांनीं पाठविलेलें पाणी त्यास जोडतें, आणि सूर्याच्या उजेडाचें बळ त्या जोडणींत बांधून ठेवतें. शर्करेच्या एका कणांत कर्बाचे ६, हायड्रोजनचे १२ व प्राणवायूचे ६ परमाणु असतात. अशा कणांची एका रीतीनें माळ गुंफिली म्हणजे ज्वारीच्या दाण्यांतील पिष्ट होतें. दुसऱ्या रीतीनें गुंफिली म्हणजे कापसाचा धागा होतो. त्याच शर्करेपासून करडईचें तेल बनतें, आणि तींत नत्राची भर पडली म्हणजे हरभऱ्याच्या डाळींतील प्रथिन बनतें. सारांश, आपल्या खळ्यांत जें कांहीं येऊन पडतें, तें बांधून ठेवलेलें ऊनच होय.

परंतु कमाई झाली म्हणजे खर्चाची सोय झाली असें नाहीं. शर्करा ही हुंडीसारखी आहे. हुंडी मोलाची खरी, पण ती घेऊन आठवड्याच्या बाजारांत भाजी मिळत नाहीं; ती वटवून सुटें नाणें करावें लागतें. वनस्पतीचें शरीर डोळ्यांस न दिसणाऱ्या असंख्य पेशींचें बनलेलें आहे, आणि प्रत्येक जिवंत पेशींत असें सुटें नाणें चालतें. त्यास शास्त्रज्ञ एटीपी म्हणतात. १९२९ सालीं जर्मनींत लोमान यांनीं, आणि अमेरिकेंत हार्वर्ड येथें फिस्क व आंध्रांत जन्मलेले आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीं, हें द्रव्य स्वतंत्रपणें शोधून काढलें. या नाण्याच्या घडणींत स्फुरद लागतो. स्फुरदाच्या खतास इतकें महत्त्व कां, याचें एक कारण यांत सांपडतें. मुळाचें टोंक पुढें सरकविणें, मातींतील पालाश व नायट्रेट आंत ओढून घेणें, प्रथिन जुळविणें, या प्रत्येक कामास पेशीला हीं नाणीं मोजावीं लागतात.

हुंडी वटविण्याची पेढी पेशीच्या आंतच असते. तिला तंतुकणिका म्हणतात. या पेढीची एकच अट आहे, ती प्राणवायूची. प्राणवायु मिळत असेल तर शर्करेच्या एका कणापासून एटीपीचे सुमारें ३० कण मिळतात. तो मिळाला नाहीं तर केवळ २ मिळतात आणि मागें मद्यार्क किंवा आम्ल उरतें. म्हणजे तेवढ्याच कामास पंधरापट शर्करा जाळावी लागते. आणि ती कोणत्याहि मुळाजवळ फार दिवस पुरत नाहीं. यासच श्वसन म्हणतात. पानाची कमाई उजेडींच होते, श्वसनाचा खर्च मात्र रात्रंदिवस चालतो, आणि मुळें तर अंधारांत राहून केवळ खर्चच करीत असतात.

ही गोष्ट आपल्या घरांत अपरिचित आहे असें नाहीं. मटकीला मोड आणावयाचे असतां घरची बाई ती रात्रभर भिजविते, सकाळीं पाणी काढून टाकते आणि ओल्या फडक्यांत बांधून ठेवते. तीच मटकी चार दिवस पाण्यांत बुडवून ठेविली तर मोड येत नाहींत, आंबूस वास मात्र येतो. दाण्यास ओल हवी आणि हवाहि हवी, हें ती जाणते. तसेंच, पूर्वीं धान्याचें पेव उघडल्यावर जाणतीं माणसें एकाएकीं आंत उतरत नसत. दिवा सोडून पाहात, व तो विझला तर थांबत. आंतील धान्यानें व त्यांतील किडींनीं श्वास घेऊन प्राणवायु संपविलेला असे, आणि अशा पेवांत घाईनें उतरणाऱ्यांचे जीव गेलेले आहेत. मग जें मटकीस व पेवांतील दाण्यास लागू, तें आपल्या शेतांतील मुळांस लागू नाहीं काय?

मातीच्या कणांमध्यें लहानमोठ्या पोकळ्या असतात. लहान पोकळ्यांत पाणी टिकतें व मोठ्या पोकळ्यांतून हवा खेळते. शेत तुडुंब भरलें म्हणजे मोठ्या पोकळ्याहि पाण्यानें भरतात. प्राणवायु हवेंतून जितक्या वेगानें पसरतो, त्याच्या सुमारें १०,००० पट मंद गतीनें तो पाण्यांतून पसरतो. उष्ण दिवसांत तुंबलेल्या मातींतील प्राणवायु एक-दोन दिवसांतच संपतो. मग मुळांची पेढी बंद पडते. भोंवतीं खत असूनहि तें आंत ओढण्याचें बळ राहात नाहीं. मुळांत आम्ल सांचून पाणी घेण्याच्या वाटाहि आंखडतात, आणि पाण्यांत उभें असलेलें पीक दुपारीं माना टाकतें. शिवाय हवा सरली कीं मातींतील कांहीं जंतु नायट्रेटमधील प्राणवायु वापरूं लागतात आणि आपण विकत आणलेला नत्र वायुरूपानें उडून जातो. अशा वेळीं युरियाची गोणी वाढविणें म्हणजे गळक्या घागरींत पाणी ओतणें होय. भात मात्र यास अपवाद आहे. त्याच्या देठांत व मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात, त्यांतून तो वरची हवा खालीं पोंचवितो. ऊस, कापूस, तूर, हळद यांपाशीं तसें साधन पुरेसें नाहीं.

आपली काळी जमीन या बाबतींत विशेष हळवी आहे. ती भिजली कीं फुगते, भेगा व पोकळ्या मिटतात आणि पाणी खालीं उतरत नाहीं. वरून पाळ्या पडत राहिल्या म्हणजे भूमींतील पाण्याची पातळी चढते. तें पाणी वर येऊन उन्हानें उडून जातें आणि क्षार मागें राहतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचें पाणी फिरूं लागलें, आणि पुढील कांहीं दशकांतच त्या पट्ट्यांत पाणथळ व खारवट जमिनींचा प्रश्न उभा राहिला. सांगली-कोल्हापूरकडील कृष्णाकांठचे शेतकरीहि तोच अनुभव घेत आहेत. श्वास कोंडल्यानें एका हंगामाचें पीक जातें. चोपण झाल्यानें पुढच्या पिढीची जमीन जाते.

यावर कोणी म्हणतील, पाळीचा भरंवसा नसतो, म्हणून पाणी येईल तेव्हां भरून घ्यावें लागतें. हें म्हणणें खोटें नाहीं. बऱ्याच ठिकाणीं पाणीपट्टी पिकावर व क्षेत्रावर आकारली जाते. पाणी मोजलें जात नाहीं, तेव्हां जपून वापरणाऱ्यास लाभ दिसत नाहीं. २००५ सालच्या कायद्यानें पाणी वापर संस्थांस मोजून पाणी घेण्याचा मार्ग खुला केला आहे. त्याचा उपयोग करून घेण्यांत आपण जी दिरंगाई करतों, तिचा दोष एकट्या सरकारवर ढकलणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

आपल्या वाडवडिलांनीं या सर्व शास्त्राचें सार एका शब्दांत सांठवून ठेविलें आहे. तो शब्द म्हणजे वाफसा. जमिनींत ओल आहे आणि हवाहि आहे, अशी जी मधली स्थिति, ती वाफसा. पेरणी व कोळपणी वाफशावर करावी हें आपण मानतों. पाणी देतांना मात्र तोच नियम विसरतों. पुढील पाळी देण्यापूर्वीं हातभर खोल खड्डा घेऊन माती पाहावी. ती करडी-निळसर दिसत असेल, तिला कुजका वास येत असेल व मुळें पांढरीं नसून काळीं पडलीं असतील, तर पीक पाणी मागत नसून हवा मागत आहे असें समजावें. उसास सरींतून बेतानें किंवा ठिबकनें पाणी द्यावें, खरिपाचें पीक रुंद वरंब्यावर घ्यावें, आणि शेणखत व ताग यांनीं माती भुसभुशीत ठेवावी.

परंतु निचऱ्याचा प्रश्न एकट्यादुकट्याच्या हातचा नाहीं. एकानें चर खणला तर त्याचें पाणी शेजाऱ्याच्या शेतांत जातें आणि गोष्ट भांडणावर येते. चर शिवेपासून ओढ्यापर्यंत सलग असला पाहिजे, तो दरसाल उपसला पाहिजे, आणि त्याचा खर्च लाभाच्या प्रमाणांत सर्वांनीं सोसला पाहिजे. खत व बियाणें आणण्यासाठीं आपण संस्था काढल्या. पाणी बाहेर काढण्यासाठीं गांवोगांव अशी एकजूट कां होऊं नये? येत्या पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक गांवच्या सभासदांनीं आपल्या शिवारांतील पाणथळ गट नोंदवून बुजलेल्या चरांची पाहणी करावी, आणि उपसणीचें काम उन्हाळ्यांतच उरकावें, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.