विश्लेषण : रिदम हाऊसच्या जागेला ४८ कोटी मिळाले, मग दुकान का टिकले नाही?

काळा घोडा इथल्या रिदम हाऊसच्या जागेसाठी २०१७ मध्ये नीरव मोदीच्या कंपनीने ३२ कोटी रुपये मोजले. पंजाब नॅशनल बँक घोटाळा उघड झाल्यावर तिच्यावर ईडीची जप्ती आली. पुढे दिवाळखोरी प्रक्रियेतून, २०२४ च्या अखेरीस, ती अभिनेत्री सोनम कपूरच्या सासरच्या उद्योगसमूहाकडे सुमारे ४८ कोटींना गेली. मधल्या काळात तिथे एकही सीडी विकली गेली नाही, तरी भाव दीडपट झाला. १९४० च्या दशकापासून चाललेले दुकान ज्याला टक्कर देऊ शकत नव्हते, ते हे गणित.

दोष फक्त पायरसीचा?

२०१६ च्या सुरुवातीला दुकान बंद झाले, तेव्हा पायरसी आणि ऑनलाइन संगीताकडे बोट दाखवले गेले. ते खरे, पण अपुरे. (स्पॉटिफायवर खापर फोडता येणार नाही, ते भारतात आले २०१९ मध्ये.) कॅसेट आल्या, सीडी आल्या, १९९९ मध्ये सीएसटीसमोर प्लॅनेट एमचे चकचकीत दालन उघडले. रिदम हाऊस त्यातूनही तगले, कारण ते फक्त तबकड्या विकत नव्हते. शास्त्रीय मैफल असो वा रॉक शो, तिकीट तिथल्या काउंटरवर मिळायचे. फोर्टमधला नोकरदार जेवणाच्या सुट्टीत तिकिटासाठी यायचा आणि जाताना गझलेची एखादी सीडीही घ्यायचा. २००७ मध्ये बुकमायशो आले आणि हळूहळू तिकिटाची रांग मोबाइलमध्ये गेली. गाणे एका वाटेने गेले, तिकीट दुसऱ्या. उरला तो दक्षिण मुंबईतल्या जागेचा खर्च.

पण एलपी परतली ना?

परतली. अमेरिकेत २०२२ मध्ये १९८७ नंतर प्रथमच एलपी सीडीपेक्षा जास्त विकल्या गेल्या : ४.१ कोटी विरुद्ध ३.३ कोटी. मुंबईतही माहीमचे रिव्हॉल्व्हर क्लब याच लाटेवर उभे आहे. मात्र तिथे तबकड्यांच्या जोडीला टर्नटेबल आणि इतर ध्वनिसामग्रीही विकली जाते, एकत्र बसून ऐकण्याचे कार्यक्रम होतात. निव्वळ तबकड्यांवर आजही भागत नाही. शिवाय आयात केलेल्या एका एलपीला हजारो रुपये पडतात. हा छंद आहे, रोजची खरेदी नव्हे.

स्थानिक संगीताचे काय?

नव्या बँडला आज दुकानाच्या फळीची गरज नाही; गाणे घरूनच जगभर पोहोचते. अडचण ऐकणाऱ्याला शोधण्याची आहे. अॅप तुम्ही काल ऐकले त्याच्या आसपासचेच आज सुचवते. काउंटरमागचा जुना विक्रेता मेहदी हसन मागायला आलेल्याच्या हातात जॅझही ठेवू शकत होता. आणि महत्त्वाचे म्हणजे, रिदम हाऊसमध्ये ऐकण्याचे बूथ होते. खिशात फक्त लोकलचा पास असलेला कॉलेजचा मुलगाही तिथे हेडफोन लावून उभा राहू शकत होता.