वीज गेली तर मासे जगतील ना?

दिवाणखान्यातली खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे घराची शान. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश पोहू लागला की पाहुण्यांची नजर हटत नाही. (खडक बांधणाऱ्या प्रवाळांना आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून घरच्या टाकीत मासेच बरे.) पण ही सारी शोभा विजेच्या जिवावर असते. मोठ्या शहरात वीज जात नाही, या भरवशावर राहू नका. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तेव्हा काही भागांत ती यायला कित्येक तास लागले.

अशा वेळी पहिला धोका कशाचा? मासे दोन-तीन दिवस उपाशी राहतात, अंधारही सोसतात. आधी कमी पडतो तो प्राणवायू. पंप थांबला की पाणी हलत नाही. खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो आणि पाणी तापले की आणखी कमी. उन्हाळ्यात, मासे दाटीने ठेवलेल्या टाकीत, काही तासांतच ते पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात.

म्हणून पहिला खर्च बॅटरीवर चालणाऱ्या हवेच्या पंपावर करा. वीज जाताच आपोआप सुरू होणारा मिळाला तर उत्तम. पाणी नळीतून उलटे पंपात जाऊ नये, यासाठी छोटी झडप बसवा. घरी इन्व्हर्टर असेल तर पाणी फिरवणारा पंप त्यावर जोडा. पंधरा-वीस वॉटचा पंप त्याला जड नाही. हीटर मात्र लावू नका. त्यानंतर एक जादा पंप आणि झाकणाच्या पिंपात थोडे तयार खारे पाणी ठेवा. कडक थंडीच्या गावी एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान घ्या. एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो.

वीज नसताना खाद्य घालू नका. काहीच साधन नसेल तर मगाने टाकीतलेच पाणी उचलून वरून ओतत राहा. बंद डब्याचा फिल्टर बराच वेळ थांबला असेल, तर आतले खराब पाणी फेकून, स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात खळबळून मगच तो सुरू करा.

आणखी एक गोष्ट. हौस एकाची असते, पण वीज जाते तेव्हा घरात बहुधा दुसरेच कोणीतरी असते: आई, सासूबाई किंवा शाळेतून आलेली मुले. तेव्हा एखाद्या रविवारी सगळे घरी असताना टाकीचा स्विच अर्धा तास बंद करून पाहा. बॅटरीचा पंप सुरू झाला का? टाकीखाली फिल्टरची दुसरी टाकी असेल तर वरचे पाणी उतरून ती भरून वाहिली का? काय करायचे ते घरच्यांच्या हातून एकदा करून घ्या आणि चार ओळींत लिहून टाकीशेजारी चिकटवा. कपाटात ठेवलेले आणि कुणालाच लावता न येणारे यंत्र माशांच्या काय कामाचे?