पिंजऱ्यातला कायदा, निसर्गाच्या नावावर

‘बळी तो कान पिळी’ ही म्हण मराठीत तक्रार म्हणून जन्मली. अन्याय सोसणाऱ्याने जगाच्या रीतीवर ओढलेला तो ताशेरा आहे. ती रीत योग्य आहे असे त्या म्हणीने कधी सुचविलेले नाही. मोठा मासा लहान माशाला गिळतो त्या अवस्थेला प्राचीन भारतीय राजनीतीने ‘मात्स्यन्याय’ असे नाव दिले, पण आदर्श म्हणून नव्हे. ती अवस्था येऊ नये यासाठीच दंडसत्ता हवी, असे कौटिल्यासारख्या कठोर वास्तववाद्याचेही म्हणणे होते. आधुनिक भांडवलशाहीने मात्र एक नवल करून दाखविले. तिने तक्रारीचे तत्त्वज्ञान केले, मात्स्यन्यायाच्या अंगावर विज्ञानाचा झगा चढविला आणि तो विद्यापीठांतून, वृत्तपत्रांतून व व्यवस्थापनाच्या वर्गांतून मिरविला.

किमान वेतनाचा दर वाढवा म्हटले, रेशनवर पुरेसे धान्य मागितले, कंत्राटी सफाई कामगारांना कायम करा असा आग्रह धरला, की समोरून ठराविक उत्तर येते. दुनिया स्पर्धेची आहे. लायक असेल तो टिकेल, नसेल तो मागे पडेल. हा कायदा माणसाने केलेला नाही, निसर्गाने केलेला आहे! कारखानदारांच्या मेजवानीत हे ऐकू येते तसेच ते एस. टी.च्या बाकावर, चाळीच्या गॅलरीत आणि दुर्दैवाने कित्येकदा खुद्द कामगाराच्या तोंडूनही ऐकू येते. चळवळीतला कार्यकर्ता यावर बहुधा करुणेने उत्तर देतो: निसर्ग क्रूर असेल, पण माणसाने माणुसकी सोडू नये. उत्तर सद्भावनेचे आहे, परंतु त्यात एक घातक कबुली दडलेली आहे. विज्ञान प्रतिपक्षाला आंदण देऊन कार्यकर्ता स्वतः दयेच्या आडोशाला उभा राहतो. ही माघार घेण्याचे काहीही कारण नाही.

मुळात ‘जो लायक तो टिकेल’ हे सूत्र डार्विनचे नव्हे. डार्विनचा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. हा शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ मध्ये रूढ केला आणि डार्विनने तो १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत उसना घेतला. स्पेन्सर महाराष्ट्राला आगरकरांच्या पिढीपासून परिचित आहे. आगरकरांनी त्याच्याकडून बुद्धिवादाचे शस्त्र घेतले आणि ते रूढींवर चालविले. स्वतः स्पेन्सरने मात्र गरिबांना सरकारी साह्य देण्याला विरोध करण्यासाठी आपले तत्त्वज्ञान राबविले. डार्विनच्या लेखी योग्यता म्हणजे भोवतालच्या परिस्थितीशी जुळते असणे. मनगटातील बळ हा तिचा फक्त एक प्रकार. १८७१ च्या ग्रंथात तर त्याने स्पष्ट मांडले आहे की, ज्या समूहांत परस्परांविषयी सहानुभूती बाळगणारे घटक अधिक, ते समूह अधिक भरभराटतात. हा डार्विन भांडवलशाहीच्या भाटांना आठवत नाही.

मार्क्सने ही गोम १८६२ मध्येच हेरली होती. पशूंच्या आणि वनस्पतींच्या जगात डार्विनला त्याचाच इंग्रजी समाज, त्यातील स्पर्धेसह आणि बाजारपेठांसह, भेटतो, असे त्याने एंगेल्सला मिश्किलपणे कळविले होते. पुढे एंगेल्सने या हातचलाखीचे दोन्ही डाव उघडे केले. आधी बाजारातील झगडा निसर्गावर आरोपित करायचा. मग तोच झगडा निसर्गातून परत आणून समाजाला शाश्वत नियम म्हणून दाखवायचा. रशियन क्रांतिकारक क्रोपोटकिन याने तरुणपणी सैबेरियाच्या कडाक्याच्या थंडीत प्राण्यांचे निरीक्षण केले होते. त्याला तेथे परस्परांशी झुंजणाऱ्यांपेक्षा परस्परांना सावरणारे जीव अधिक दिसले. १९०२ मध्ये त्याने परस्परसाहाय्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला स्वप्नाळू म्हणून बाजूला सारण्यात आले. मग विसाव्या शतकात ‘वास्तववादी’ पुरावे गोळा होऊ लागले. ते कोठे गोळा झाले, हे पाहण्यासारखे आहे.

१९२५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने ‘मंकी हिल’ नावाची कृत्रिम टेकडी उभारली आणि तीवर सुमारे शंभर हमाड्रायस बबून माकडे सोडली. ते जवळजवळ सर्व नर होते. १९२७ मध्ये त्यांच्यात तीस माद्या आणून टाकण्यात आल्या. त्यांच्या ताब्यासाठी जे घडले ते युद्ध होते. बहुतेक माद्यांचा त्या झोंबाझोंबीत चेंदामेंदा झाला. सॉली झुकरमन यांनी या निरीक्षणांवर १९३२ मध्ये ग्रंथ लिहिला आणि नरांचे वर्चस्व, हिंसा व कामवासना हाच वानरसमाजाचा पाया, ही समजूत दीर्घकाळ रूढ झाली. पुढे १९६० च्या दशकात हान्स कुमर यांनी हीच जात इथिओपियाच्या मोकळ्या खडकाळ मुलुखात अभ्यासली. तेथील बबूनही मवाळ नव्हेत; नर माद्यांना धाकात ठेवतात. पण त्यांच्या समाजाला कुटुंबांची, टोळ्यांची सुघटित वीण आहे आणि एक नर सहसा दुसऱ्याच्या माद्यांकडे वळत नाही. लंडनमधील तो संहार अपरिचितांना दाटीने कोंडल्याने घडला होता. त्याचा दोष मात्र कोंडणाऱ्यांवर न येता माकडांच्या स्वभावावर आला!

लांडग्याची कथाही अशीच. आज ‘अल्फा’ हा शब्द व्यवस्थापकांच्या व्याख्यानांपासून तरुणांच्या बढाईपर्यंत सर्वत्र पोहोचला आहे. त्याचा उगम रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या अभ्यासात आहे. त्यांचे लांडगे बासेलच्या प्राणिसंग्रहालयातील आवारात कोंडलेले होते. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात ही कल्पना स्वीकारली व ती जगभर पसरली. परंतु याच मेक यांनी पुढे कॅनडाच्या उत्तर टोकावरील एल्समियर बेटावर अनेक उन्हाळे रानटी लांडग्यांच्या सहवासात काढले आणि १९९९ मध्ये आपले जुने मत मागे घेतले. रानातील लांडग्यांची टोळी म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची लहानमोठी पिल्ले. ज्याला ‘अल्फा’ म्हटले तो झुंजीत जिंकलेला सम्राट नसून घरातला बाप असतो. लांडगे अहिंसक आहेत असे मुळीच नव्हे. शेजारच्या टोळीशी त्यांची प्राणांतिक झुंज होते. पण ज्या सिंहासनाची एवढी वर्णने झाली ते सिंहासनच रानात नाही. मेक यांनी आपले पुस्तक छापणे थांबवावे म्हणून प्रकाशकाची विनवणी केली. ते २०२२ मध्ये थांबले. ‘अल्फा’चा धंदा मात्र थांबला नाही, कारण तो शास्त्राच्या भांडवलावर कधी चाललाच नव्हता.

आणि पिंजऱ्यातही स्पर्धेचे हे शास्त्र खरे ठरते काय? अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील विल्यम म्यूर यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला कोंबड्यांवरील प्रयोग या दृष्टीने डोळे उघडणारा आहे. एका पिंजऱ्यात अनेक कोंबड्या कोंडल्या की त्या एकमेकींना टोचून मारतात. म्हणून कुक्कुटउद्योगात त्यांच्या चोची तापल्या पात्याने छाटतात. म्यूर यांनी चोची शाबूत ठेवल्या आणि निवडीची पद्धत बदलली. एकेकटी ‘गुणवंत’ कोंबडी न निवडता त्यांनी संपूर्ण पिंजऱ्याची कामगिरी मोजली आणि उत्तम पिंजऱ्यातील सर्व कोंबड्यांपासून पुढची पिढी वाढविली. अवघ्या काही पिढ्यांत वर्षाचे मृत्यूचे प्रमाण ६८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांच्या खाली आले आणि दर कोंबडीमागे वर्षाची अंडी ९१ वरून २३७ वर गेली. हा प्रयोग कोणा समाजवाद्याच्या आश्रमात झाला नाही; तो निव्वळ उत्पादनाच्या हिशेबाचा होता. याच्या अगदी उलट, जनरल इलेक्ट्रिक कंपनीत जॅक वेल्च यांनी आपल्या १९८१ ते २००१ च्या कारकिर्दीत कर्मचाऱ्यांची दरवर्षी प्रतवारी लावून तळाच्या दहा टक्क्यांना घरचा रस्ता दाखविण्याची रीत प्रतिष्ठित केली आणि देशोदेशीच्या व्यवस्थापकांनी तिचे अनुकरण केले. शेजाऱ्याला टोचून वर चढणाऱ्याला गुणवंत ठरविणारी ही मोजपट्टी कोंबड्यांच्या खुराड्यातही तोट्याची ठरते. मग ती माणसांच्या कारखान्यात कार्यक्षमतेची देवता म्हणून का पुजली जावी?

क्रौर्य केवळ पिंजऱ्यातच असते असा मात्र याचा अर्थ नव्हे. केनियातील मसाई मारा येथे रॉबर्ट सापोल्स्की यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मुक्त बबूनांचा अभ्यास केला. तेथे वरचा खालच्याला छळतो आणि त्या छळाचे व्रण खालच्याच्या शरीरातील रसायनांत उतरतात. त्यातील एका टोळीचे दांडगे नर रोज एका पर्यटक निवासाच्या उकिरड्यावर शेजारच्या टोळीशी झुंजून खरकटे मिळवीत. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्या उकिरड्यावर क्षयाने दूषित मांस पडले आणि ते सर्व दांडगे मेले. टोळीतील जवळजवळ निम्मे नर नाहीसे झाले. मागे राहिल्या माद्या आणि सौम्य नर. टोळीचा रागरंग बदलला. उतरंड पूर्णपणे गेली नाही, पण विनाकारण छळ कमी झाला, अंग साफ करण्याची जवळीक वाढली आणि तळाच्या नरांच्या शरीरांतील ताणाच्या खुणा मावळल्या. खरे आश्चर्य पुढेच आहे. बबूनांत वयात आलेला नर जन्माची टोळी सोडून दुसरीकडे जातो. १९९३ पर्यंत या टोळीतील जुना एकही नर उरला नव्हता; सर्व नर बाहेरून आलेले होते. तरीही ती सौम्य रीत टिकून होती, नवागतांनी ती उचलली होती. सापोल्स्की आणि लिसा शेअर यांनी हे २००४ मध्ये प्रसिद्ध केले. ज्याला रक्तातला स्वभाव म्हणून शिक्का मारला जातो तो एका पिढीत पालटू शकतो, हे बबूनाला जमले. ‘माणसाचा स्वभाव बदलत नाही’ असे सांगून प्रत्येक सुधारणेला खो घालणाऱ्यांनी या उकिरड्याची गोष्ट जरूर ऐकावी.

मध्य व दक्षिण अमेरिकेतील रक्तपिपासू वटवाघूळ सलग दोन-तीन रात्री उपाशी राहिले तर मरते. जेराल्ड विल्किन्सन यांनी कोस्टा रिकामध्ये केलेला, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, रिकाम्या पोटी परतलेल्या वटवाघळाला ढोलीतील सोबती आपल्या पोटातील रक्त ओकून भरवितात. आणि हे सोबती नेहमी रक्ताचे नातलगच असतात असेही नाही, दीर्घ सहवास पुरतो. भांडवल जिवंत श्रमाचे रक्त शोषून जगते म्हणून मार्क्सने त्याला रक्तपिपासू पिशाचाची उपमा दिली. वटवाघळाला ती लावली तर तो त्या बिचाऱ्या प्राण्याचा अपमान ठरेल!

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. धारवाडच्या रानात जपानी शास्त्रज्ञ युकिमारू सुगियामा यांना १९६० च्या दशकारंभी काळतोंड्या वानरांत वेगळेच दृश्य दिसले: बाहेरून आलेला नर कळप बळकावतो आणि दुधपित्या पिल्लांना ठार करतो. सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात अबूच्या पहाडात हाच विषय तपासला. हे पुरावे लपविण्याचे कारण नाही. वानर पिल्ले मारते म्हणून बालहत्या न्याय्य ठरत नाही. तसेच वटवाघूळ रक्त वाटते एवढ्यावरून समाजवादही सिद्ध होत नाही. निसर्गाला सोयीस्कर साक्षीदार बनविण्याचा मोह डाव्या चळवळीलाही झालेला आहे. सोव्हिएत रशियात लायसेन्कोने एकाच जातीच्या जीवांत स्पर्धा नसतेच असा सिद्धान्त काढला. त्याच्या आदेशाने दाटीने लावलेली ओकची रोपे मोठ्या प्रमाणावर मेली. आनुवंशिकीचे थोर शास्त्रज्ञ व्हाविलोव्ह तर १९४३ मध्येच तुरुंगात मरण पावले होते. सत्य पक्षाच्या सोयीने वाकविले की त्याची किंमत झाडांना आणि माणसांना मोजावी लागते.

तेव्हा समाजवादाची मागणी प्राण्यांच्या दाखल्यावर उभी नाही. ती न्यायाच्या आणि माणसांच्या सामुदायिक निर्णयाच्या पायावर उभी आहे. या साऱ्या संशोधनाने केले आहे ते एवढेच की, प्रतिपक्षाच्या हातातील खोटा दाखला काढून घेतला आहे. पण हे एवढेच फार मोठे आहे. विषमता निसर्गनिर्मित असेल तर तिच्यापुढे मान तुकविण्यावाचून गत्यंतर नाही. ती माणसांनी रचलेली असेल तर तिचा जाब विचारता येतो. पगार कोणी ठरविला, जमीन कोणाच्या नावावर आहे, कंत्राट कोणाच्या सहीने निघाले, या प्रश्नांची उत्तरे रानात मिळत नाहीत, दप्तरात मिळतात. म्हणून यापुढे कोणी निसर्गाच्या कायद्याचा हवाला दिला, तर कार्यकर्त्याने दयेचा पदर पसरू नये. त्याने शांतपणे विचारावे: हा कायदा रानात पाहिला की पिंजऱ्यात? आणि पिंजऱ्यात पाहिला असेल, तर त्याची किल्ली कोणाच्या कमरेला आहे?