राहायचे कोठे – गावात की कसब्यात?

धायरीतील आमच्या परिचयाच्या एका घरात सध्या एक मतभेद चालू आहे. दोघेही निवृत्त शिक्षक. वीस वर्षांपूर्वी शनिवार पेठेतील वाड्याच्या दोन खोल्या सोडून हे दांपत्य धायरीत राहावयास आले. तेव्हा त्यांच्या सज्जातून सिंहगड दिसत असे. आता समोरच्या इमारतीचे जिने दिसतात. मुलगा परदेशी, मुलगी बंगळूरला. येथून निघायचे, यावर दोघांचे एकमत आहे. कोठे जायचे, यावर नाही. सरांना गुहागर तालुक्यातील वडिलोपार्जित घर खुणावते, तर बाईंना माहेरची वाई. ‘तुम्ही काय म्हणाल?’ असे त्यांनी आम्हांस विचारले. हा प्रश्न आज पुण्या-मुंबईतील हजारो मध्यमवर्गीय घरांत विचारला जात असल्यामुळे त्याचे उत्तर येथे जाहीरपणे देण्याचे धाडस करीत आहोत.

प्रथम, माणसांना धायरी सोडावीशी का वाटते, ते पाहू. हवेली तालुक्यातील हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. धारेश्वराचे देवस्थान, त्याची यात्रा, मळे आणि वस्त्या ही त्याची ओळख. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील अनेक कुटुंबे घराबाहेर पडली. तेव्हापासून पुणेकर पेठेबाहेर सरकत राहिला, तो सिंहगड रस्त्याने धायरीपर्यंत आला. गावाचा काही भाग महापालिकेत आधीच गेला होता. उर्वरित धायरी ऑक्टोबर २०१७मध्ये अकरा गावांपैकी एक म्हणून समाविष्ट झाली. ग्रामपंचायत गेली आणि तिच्याबरोबर ग्रामसभाही गेली. पुढे मार्च २०२२मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली व जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. म्हणजे सरपंच गेले होते आणि नगरसेवकही नव्हते. पाणी आले नाही, तर नागरिकाने कोणाचे दार ठोठवावे?

पाण्याचा उल्लेख सहज केलेला नाही. खडकवासल्याचे धरण येथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि धायरीतील कित्येक सोसायट्या मात्र वर्षानुवर्षे टँकरची वाट पाहत आल्या आहेत. जानेवारी २०२५मध्ये गुलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचा उद्रेक झाला. किरकिटवाडी, नांदेड, धायरी, नांदोशी या पट्ट्याला त्याची मोठी झळ बसली. पुणे परिसरातील संशयित रुग्णांची संख्या शंभराच्या पुढे गेली आणि संशय पिण्याच्या पाण्यावर आला. गावपण गेले आणि शहरपण आले नाही, म्हणजे काय होते, याचा याहून कठोर धडा कोणता? म्हणूनच स्थलांतराचा विचार करणाऱ्यांना आम्ही पळपुटे म्हणणार नाही.

आता सरांच्या कोकणाकडे वळू. गावाची ओढ ही केवळ स्मरणरंजन नव्हे. जेथे पूर्वजांची कुलदैवते आहेत, पालखी आहे, नावानिशी ओळखणारी माणसे आहेत, तेथे अखेरचा काळ घालवावा, ही आपल्या समाजमनात खोल रुजलेली इच्छा आहे. परंतु सर ज्या गावी जाऊ इच्छितात, ते त्यांच्या बालपणीचे गाव आज तेथे आहे काय? आळीतील निम्म्या घरांना कुलुपे आहेत; ती गणपतीत आणि शिमग्याला उघडतात. तरुण मुंबईत, शाळेत मोजकी मुले. रात्री छातीत कळ आली, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका घाटवळणांतून येईपर्यंत सत्तरीच्या माणसाने धीर धरायचा. सातबाऱ्यावर भाऊबंदांची अनेक नावे. कौले बदलायची, तरी प्रत्येकाची संमती हवी.

तरीही माणसे गावी गेली आहेत, आणि त्यांनी गावे उभी केली आहेत. अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन राळेगणसिद्धीस परतले. उच्चशिक्षित पोपटराव पवार १९८९मध्ये हिवरे बाजारचे सरपंच झाले, आणि दुष्काळी गावाचे पाणी त्यांनी गावकऱ्यांच्या श्रमांतून परत आणले. नानाजी देशमुखांनी साठी उलटताच सत्तेचे राजकारण सोडले. गोंडा आणि नंतर चित्रकूट हीच त्यांची कर्मभूमी झाली. पदवीधर दांपत्यांनी खेड्यात राहून तेथील संसार उभे करावेत, अशी ‘समाजशिल्पी दांपत्य’ योजना त्यांनी आखली. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. यांपैकी कोणीही विश्रांतीसाठी गावी गेले नाही. गाव माणसाला निवांतपणा देईल, ही शहरी कल्पना आहे. गाव प्रथम माणसाकडे काम मागते. ज्याला ते द्यायचे आहे आणि ज्याच्या अंगी अजून बळ आहे, त्याने अवश्य जावे. बाकीच्यांनी गावाला आणखी एक बंद राहणारे घर देऊ नये.

मग वाई? बाजार, घाट, देवळे, शाळा आणि वाचनालय असलेल्या अशा तालुक्याच्या ठिकाणाला आपल्याकडे कसबा म्हणत. २०११च्या जनगणनेत वाईची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आत होती. एवढ्या लहान नगराने महाराष्ट्राला काय दिले? १९१६मध्ये नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी येथे प्राज्ञपाठशाळा स्थापन केली. विनोबा येथे शिकून गेले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचे काम मुंबईत नव्हे, वाईत बसून केले. कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटांवर होतो आणि त्याची व्यवस्था त्या त्या आळीतील माणसे पाहतात.

कसब्याचे बळ नेमके येथे आहे. त्याच्या संस्था त्याच्यापुरत्या मोठ्या आहेत. पायी जाता येईल एवढ्या अंतरात दवाखाना, देऊळ आणि ग्रंथालय. आजूबाजूच्या खेड्यांतून आठवड्याच्या बाजारास येणारा शेतकरी. आणि नव्याने आलेल्या निवृत्त शिक्षकाला ‘आमच्या वाचनालयाचे काम पाहाल का?’ असे विचारणारा शेजारी. वाई निर्दोष आहे, असे नव्हे. कृष्णेच्या पाण्याची अवस्था चिंताजनक आहे, वाडे पडून त्या जागी इमारती चढत आहेत, पाचगणी-महाबळेश्वरची वाहने सुटीच्या दिवशी रस्ते अडवतात. पण तेथे तक्रार ऐकणारी नगरपालिका आहे, आणि तक्रार करणाऱ्याला ओळखणारी वस्ती आहे.

म्हणून आमचे उत्तर बाईंच्या बाजूने आहे. अंगात काम करण्याची उमेद असेल, तर गाव. सोबत आणि आधार हवा असेल, तर कसबा. आणि कोठेही जाताना आधी घर विकत घेऊ नये. वर्षभर भाड्याने राहावे, एक पावसाळा काढावा, एक आजारपण काढावे, आणि मगच ठरवावे. सर-बाईंनी हा सल्ला मानला असून वाईत भाड्याची जागा पाहणे सुरू केले आहे. कोकणातले घर सर वर्षातून दोन महिने उघडणार आहेत. गावच्या शाळेत गणित शिकवण्याच्या अटीवर!

परंतु एवढ्यावर हा विषय संपत नाही. ज्यांना धायरी सोडता येत नाही, ज्यांची नोकरी, कर्ज आणि मुलांच्या शाळा येथेच आहेत, त्यांचे काय? वाई आज जी आहे, ती घाट बांधणाऱ्या, पाठशाळा काढणाऱ्या माणसांनी घडवली. ती आयती मिळाली नव्हती. धायरीतील सोसायट्यांमध्ये शिक्षक, अभियंते, डॉक्टर, निवृत्त अधिकारी काय कमी आहेत? तरीही दहा सोसायट्या मिळून टँकरच्या पाण्याची नियमित तपासणी करून घेतात काय? धारेश्वराच्या यात्रेत मूळचा ग्रामस्थ आणि नवा रहिवासी एका रांगेत उभे असतात. वर्षातील उरलेल्या दिवशी ते एकमेकांशी बोलतात काय? कायद्याची ग्रामसभा गेली, म्हणून लोकांनी एकत्र बसू नये, असे कोणी सांगितले?

आपल्या कार्यकर्त्यांनी ही बैठक बोलवावी. देवळाच्या सभामंडपात, महिन्यातून एकदा, गावकी आणि सोसायट्या दोघांनाही बरोबर घेऊन. पहिल्या बैठकीला पाण्याखेरीज दुसरा विषय ठेवू नये. वाईला निघालेले सर आणि बाई पहिल्या बैठकीपुरते तरी येथेच आहेत. त्यांनाही आमंत्रण द्यावे.