घरातला दुसरा नंबर

आपल्याकडे घरात एक मूल हुशार निघालं की ते खातं बंद होतं. मोठा हुशार, मग धाकटी 'गोड', 'समजूतदार' किंवा 'साधी आहे हो'. हे कोणी वाईट हेतूने करत नाही. नातेवाइकांना दोन मुलं लक्षात ठेवायला दोन लेबलं लागतात, एवढंच. पण ते लेबल त्या पोरीलाही ऐकू येतं, आणि घोळ तिथे होतो.

माझ्या ताईचा मुलगा तसा प्रसिद्ध आहे. चौथ्या वर्षी पाढे, सातव्या वर्षी बुद्धिबळात आमचा सगळ्यांचा फडशा. आठव्या वर्षी त्याची बुद्ध्यांक चाचणी झाली, मग क्लास, स्पर्धा, रविवारची धावपळ. धाकटी नऊ वर्षांची. ती त्या धावपळीत गाडीच्या मागच्या सीटवर असते.

गेल्या दिवाळीत ती दारात ठिपक्यांची रांगोळी काढत होती, १५ ते ८. म्हणजे मधल्या ओळीत १५ ठिपके, मग वर-खाली एकेक कमी करत ८ पर्यंत. मी सहज विचारलं, एकूण ठिपके किती गं? मला वाटलं आता मोजत बसेल. तिने जेमतेम अर्धा मिनिट घेतला आणि म्हणाली, "१६९." कसं काय? तर, "मामा, मध्ये एक. त्याच्याभोवती सहा, मग बारा, मग अठरा... अशी सात कडी. सहाचे अठ्ठावीस गट आणि वरचा एक."

मी ओळी धरून बेरीज करत होतो. ते तिच्यासारखं कड्यांमध्ये बघणं मला सुचलंही नव्हतं (आणि मी म्हणे इंजिनिअर). कोणाला सांगितलंस का विचारलं, तर शांतपणे म्हणाली, "कोणी विचारलंच नाही. आणि गणित दादाचं आहे ना."

गणित दादाचं! जणू काही वडिलोपार्जित शेत आहे आणि वाटणी होऊन गेलीय. भावंडं अशी वाटणी खरंच करतात. एकाने जी जागा अडवली ती सोडून दुसरा आपली वेगळी शोधतो. भांडण टाळायला सोयीचं आहे ते, पण पुढे आईवडील त्या सोडलेल्या जागेकडे बोट दाखवून म्हणतात, बघा, हिला यात गतीच नाही.

सख्ख्या भावंडांच्या बुद्ध्यांकाचा सहसंबंध साधारण ०.५ च्या आसपास असतो. म्हणजे दोघं सारखेच असतील असं मुळीच नाही, पण एक फारच वरचा असेल तर दुसराही सरासरीच्या वर असण्याची शक्यता चांगलीच. तरी चाचणी होते ती फक्त मोठ्याची, कारण तो बोलतो.

आमच्या धंद्यात एखादी सर्व्हिस लॉगमध्ये काही लिहीत नसेल, तर ती बंद आहे असं कोणी समजत नाही. जाऊन तपासतो. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीने शाळांमध्ये जवळपास हेच केलं. आधी शिक्षक-पालक ज्यांची नावं सुचवतील त्यांचीच चाचणी व्हायची. २००५ पासून दुसरीतल्या सगळ्याच मुलांची प्राथमिक चाचणी सुरू केली, तर गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक घरांतली कितीतरी मुलं पात्र ठरली. मुलं तीच, त्याच वर्गात बसलेली. तो अभ्यास भावंडांवर नव्हता, पण 'नाव सुचवणं' आपल्या घरातही चालतंच की.

रिचर्ड फाइनमन आपल्या सगळ्यांचा लाडका. त्याची नऊ वर्षांनी धाकटी बहीण जोन. आईने तिला सांगितलं होतं की बायकांच्या मेंदूला विज्ञान झेपत नाही. तिच्या चौदाव्या वर्षी खगोलशास्त्राचं कॉलेजचं पुस्तक हातात दिलं ते रिचर्डने. पुढे ती खगोलभौतिकीतली शास्त्रज्ञ झाली, ध्रुवीय प्रकाशावर काम केलं. तो विषय तिचा, रिचर्डने त्यात पडायचं नाही, असा दोघांचा करारही होता. वाटणी ही अशी असावी, दोघांनी बसून केलेली.

त्या घरात धाकटीला ओळखलं ते मोठ्यानेच. मी भाच्याला विचारून पाहिलं, तर तो चेस बोर्डवरून मान वर न करता म्हणाला, "तिला कोडी माझ्याआधी सुटतात. ती सांगत नाही फक्त." म्हणजे घरात एकाला माहीत होतं, आणि त्यालाही कोणी विचारलं नव्हतं.

लगेच तिलाही अबॅकसला घाला असं मी म्हणत नाहीये, देवा शप्पथ. तिला दादाशिवाय एखादी दुपार द्या. उत्तर आलं की 'कसं काढलंस' विचारा आणि दोन मिनिटं गप्प बसा, कारण अशी मुलं वाक्य जुळवायला वेळ घेतात. आणि मोठ्याची चाचणी केली असेल तर तिचीही करा.

या शेवटच्या मुद्द्यावर ताईचं आणि माझं अजून वाजतंय. ती म्हणते, कशाला उगाच तिला टेन्शन? मी म्हणतो, मोठ्याच्या वेळी टेन्शनचा विषय कोणी काढला होता?