हिरवा रंग देऊ नका!

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. शनिवारी ताईकडे गेलो होतो. भाचा, वय वर्षं आठ, हॉलमध्ये चित्रकलेची वही पसरून पालथा पडलेला. शाळेत स्पर्धा होती, विषय 'परग्रहावरचा भयानक प्राणी'. पठ्ठ्याने काळ्या खडूने काहीतरी लांबलचक काढलं होतं. तोंडाच्या जागी जाळी, आणि हात म्हणजे खाली लोंबणाऱ्या वायरी. डोळे नाहीतच!

आता अस्मादिक पडले इंजिनिअर. समोर काही आलं की त्यात बग शोधायचाच. "अरे, याचे डोळे कुठायत? आणि एलियन हिरवा असतो ना?" बिचाऱ्याने निमूटपणे नवं पान घेतलं. तीन मोठे डोळे, डोक्यावर दोन अँटेना, सगळं हिरवंगार. सोमवारी वर्गात असे हिरवे प्राणी डझनावारी होते म्हणे. नंतर ताई म्हणाली, "अरे, तो लिफ्टमधला राक्षस होता. आमच्या जुन्या लिफ्टच्या जाळीतून खाली बघायला घाबरतो तो."

च्यायला! म्हणजे पोराने स्वतःची भीती कागदावर उतरवली होती आणि मामाने ती खोडायला लावली.

हा हिरवा रंग आपल्या डोक्यात इतका पक्का आहे की 1967 मध्ये केंब्रिजला पहिल्या पल्सारचे ठोके सापडले, तेव्हा शास्त्रज्ञांनीही गमतीने त्याला 'लिटल ग्रीन मेन' म्हटलं होतं. गमतीसाठी ठीक आहे. पण हिरव्या रंगाला घाबरतं कोण?

भीती कशी रंगवायची ते स्विस चित्रकार एच. आर. गीगरकडून शिकावं. त्याला झोपेत भयंकर स्वप्नं पडायची आणि तीच तो एअरब्रशने रंगवायचा. 1976 मधलं त्याचं 'नेक्रोनॉम 4' हे चित्र रिडली स्कॉटने पाहिलं आणि त्यातूनच 'एलियन' (1979) मधला प्राणी जन्मला. त्यात परग्रहावरचं असं काय आहे? हाडं, बरगड्या, नळ्या, दात. सगळं आपल्याच ओळखीचं, फक्त भलत्या जागी जोडलेलं. सिनेमातल्या प्राण्याला डोळे दिसत नाहीत, त्यामुळे तो नक्की कुठे बघतोय ते कळतच नाही. म्हणजे भाच्याचं बरोबर होतं, बग माझ्या डोक्यात होता.

याची उलटी बाजूही मजेशीर आहे. त्या प्राण्याच्या डोक्याची यंत्रणा बनवणाऱ्या कार्लो रांबाल्डीनेच पुढे 'ई.टी.' (1982) घडवला. त्याला टपोरे डोळे दिले आणि जग त्याच्या प्रेमात पडलं. आपल्या 'कोई मिल गया' (2003) मधल्या जादूचंही तेच. डोळे दिले की माया आलीच.

तेव्हा माझं स्पष्ट मत : भयानक प्राणी काढायचा तर दात, शिंगं आणि नखं वाढवत बसू नका. तुम्हाला स्वतःला ज्याची भीती वाटते तिथून सुरुवात करा. अंधारी मोरी, पाल, लिफ्ट, काहीही. रंग दोन-तीनच घ्या. काळ्याखाली थोडा निळा आणि तपकिरी घासा, म्हणजे काळा सपाट दिसत नाही. एखाद-दुसऱ्या ठिकाणी कागद कोरा सोडा, अंग ओलं असल्यासारखं चमकतं. आणि अर्धा प्राणी सावलीतच राहू द्या. उरलेला अर्धा बघणारा आपल्या मनाने काढतो, आणि तो आपल्यापेक्षा भारी काढतो!

गेल्या रविवारी भाच्याची माफी मागितली आणि दोघांनी मिळून तो लिफ्टवाला पुन्हा काढला. काळा खडू अर्धा संपला. स्पर्धा तर कधीच होऊन गेली होती, त्यामुळे बक्षिसाचा प्रश्नच नव्हता. मी म्हटलं, भिंतीवर लावूया. त्याने चित्राकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाला, "नको मामा, कपाटात ठेव. आणि किल्ली माझ्याकडे दे."

असो. यापेक्षा मोठं बक्षीस कुठलं असतं? :)