शेतकऱ्याच्या पोराला बुद्धी नाही?

कागद-फाशांवर खेळायच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये २०१४च्या नियमांत पात्राच्या वंशावरून गुण वाढायचे. एल्फ जन्मलात की चपळाई +२. २०२४च्या पुस्तकात ही वाढ पात्राच्या आधीच्या धंद्यावरून मिळते. लोक खूश! पण मंडळी, आपल्याकडे धंदाही जन्मावरूनच ठरायचा ना? शेतकरी घ्या: ताकद, चिवटपणा, शहाणपण यांतच वाढ, बुद्धीत शून्य. बोईसरला आमच्या रविवारच्या टेबलावर भातशेतीवाल्या घरातला एक इंजिनियर बसतो.. त्याला हे कोणत्या तोंडाने सांगू? वेगळी पार्श्वभूमी बनवता येते, पण डीएमच्या मर्जीने. 'गर्प्स'मध्ये १९८६पासून पॉइंट हवे तिथे खर्चता येतात. (हिशोबात अख्खी सकाळ जाते, ते असो.) मी डीएम असलो की वाढ कुठे घ्यायची ते खेळाडूच ठरवतो.